टेक्निक्स १२०० एमके२ साठी नवं कार्ट्रिज: आपल्या रेकॉर्डना कोणती सुई मानवेल?

मध्यसप्तक

नमस्कार मंडळी,

घरी टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ रेकॉर्ड प्लेअर आहे. ऐंशीच्या दशकात मामांनी मस्कतहून आणलेला. मोटर ठणठणीत, वेग तपासायचे स्ट्रोबचे ठिपके दोन्ही वेगांना जागचे हलत नाहीत, टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं मोकळी आहेत, हेडशेलही (आर्मच्या टोकाचं, कार्ट्रिज अडकवायचं) मूळचंच. कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचा विद्युत संकेत करणारा भाग) मात्र मधल्या काळात कुणीतरी बदललेलं, अगदी प्राथमिक, गोल टोकाच्या सुईचं. आता ते बदलायचंय.

संग्रहात जास्त करून खयाल आहे: भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी. त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि भावगीतं, थोडं जॅझ. तक्रार एकच आहे. बाजू सुरू होते तेव्हा आवाज स्वच्छ असतो. लेबलजवळ जाता जाता 'स' आणि 'श' फुटायला लागतात, तार सप्तकातली तान खरवडल्यासारखी येते, हार्मोनियम आणि गळा एकमेकांत मिसळून जातात. रेकॉर्ड धुऊन पाहिल्या. खरखर गेली, फुटणं राहिलं.

अँप्लिफायर जुना इंटिग्रेटेड आहे, फोनोची सोय फक्त एमएमची (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची). डोळ्यांपुढे असलेली नावं: ऑर्टोफॉन २एम ब्लू किंवा ब्राँझ, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एमएल, नागाओका एमपी-११०, डेनॉन डीएल-१०३. शिवाय एक गृहस्थ जुनं, पण न वापरलेलं शुअर व्ही१५ विकताहेत. पैसे एकदाच खर्च करायचेत, त्यामुळे जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

रेझोनन्स

धागा काढलात हे बरं झालं. ब्रँड ठरवण्याआधी आर्म आणि कार्ट्रिजचं जमतंय का ते बघा, निम्मी यादी तिथेच गळते.

आर्मचं वस्तुमान आणि सुईच्या दांडीची लवचिकता (कंप्लायन्स) मिळून एक ठरावीक कंपनसंख्या तयार होते. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडावी. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डच्या लाटा आणि खोलीतली पावलं आर्मला हलवू लागतात. फार वर गेली तर संगीताच्या खर्जात लुडबुड होते. सूत्र सोपं आहे: १५९ भागिले (एकूण वस्तुमान गुणिले कंप्लायन्स) याचं वर्गमूळ.

तुमच्या आर्मचं परिणामी वस्तुमान मूळ हेडशेल धरून १२ ग्रॅम. स्क्रूंसाठी एक ग्रॅम धरू.

व्हीएम९५एमएलचं वजन ६.१ ग्रॅम, म्हणजे एकूण १९.१. कंप्लायन्स कंपनी १० देते, पण जपानी कंपन्या ती १०० हर्ट्झवर मोजतात आणि आपल्याला १० हर्ट्झवरची हवी असते. ढोबळ मानाने १.७ ने गुणायचं, म्हणजे १७. उत्तर येतं ८.८ हर्ट्झ. उत्तम.

२एम ब्राँझ ७.२ ग्रॅम, कंप्लायन्स २२. उत्तर ७.५ च्या आसपास. सपाट रेकॉर्डवर चालेल, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाकलेल्या रेकॉर्डवर वूफरचा पडदा डुलताना दिसेल. ब्लूची कंप्लायन्स २०, ते आठच्या किंचित खाली येतं.

डीएल-१०३ चं वजन ८.५ ग्रॅम आणि १०० हर्ट्झवर कंप्लायन्स फक्त ५. ते साडेअकराच्या आसपास बसतं. '१०३ ला अवजडच आर्म लागतो' असं सरसकट सांगितलं जातं, पण १२०० वर ते जमतं हे आकडेच सांगतात. त्याची अडचण वेगळीच आहे, ती पुढे कुणीतरी सांगेलच.

---

दमदम

रेझोनन्स यांचं गणित पटलं. पण मूळ तक्रारीचं उत्तर सुईच्या टोकाच्या आकारात आहे, आणि ते आपल्या संगीताच्या संदर्भात नीट समजून घ्यायला हवं.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एकसारख्या वेगाने फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग एकसारखा नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर असतो, लेबलजवळ सुमारे २१. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जागेत ऐसपैस पसरलेली असते, आणि तीच आत २१ मायक्रॉनमध्ये दाटीवाटीने बसवलेली. तुमच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. ती त्या लाटेच्या वळणात शिरणार कशी? ती वरवर घसरत जाते आणि तुम्हाला 'स' फुटलेला ऐकू येतो.

आता आपल्या खयालाच्या रेकॉर्ड आठवा. एका बाजूला बहुतेक वेळा एकच राग, वीस-बावीस मिनिटं. सुरुवातीला विलंबित: संथ आलाप, लांब श्वास, कमी उच्च कंपनं. हे सगळं बाहेरच्या प्रशस्त खाचांत. मग लय वाढते, बोल-ताना येतात, द्रुत बंदिश सुरू होते आणि शेवटी तराणा. गाण्यातला सगळ्यात दाट, सगळ्यात वेगवान भाग अगदी लेबलजवळ, जिथे खाचेची क्षमता सगळ्यात कमी. सतारीतला 'झाला' हा अतिद्रुत भागही तिथेच येतो. पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डमध्ये निर्मात्याला शेवटचं गाणं संथ निवडता येतं. रागाची बढत उलटी कशी करणार?

म्हणून मी ठामपणे म्हणेन की खयाल ऐकणाऱ्याने कार्ट्रिजच्या बॉडीवर कमी आणि टोकावर जास्त खर्च करावा. व्हीएम९५ई किंवा २एम रेडवर साधं लंबवर्तुळाकार टोक आहे, बाजूची त्रिज्या साडेसात-आठ मायक्रॉन. गोल सुईपेक्षा खूपच बरं. मायक्रोलाइनवर (व्हीएम९५एमएलचं धारदार टोक) ती ३ मायक्रॉनच्या आसपास येते. शेवटच्या पाच मिनिटांत हा फरक कुणालाही ऐकू येईल, त्यासाठी कान तयार असावे लागत नाहीत.

---

न्यूजर्सीकर

इथे माझ्याकडे डीएल-१०३ आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी ते तयार झालं आणि अजून बनतंय. किशोरीताईंचा विलंबित त्यावर ऐकताना आवाजाला जे अंग येतं, जी ऊब येते, ती मला दुसऱ्या कुठल्या कार्ट्रिजमध्ये सापडलेली नाही. तरीही मध्यसप्तक, तुम्ही ते घेऊ नका.

एक तर ते मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमएमपेक्षा वेगळ्या जातीचं. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. एमएम कार्ट्रिज ४-५ मिलिव्होल्ट देतं आणि तुमच्या अँपला तेवढं अपेक्षित आहे. १०३ ला वेगळा प्रीअँप किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे कार्ट्रिजइतकाच किंवा जास्त खर्च. दुसरं म्हणजे त्यावर गोलच सुई आहे, १६.५ मायक्रॉनची. दमदम यांनी सांगितलेली अडचण तशीच राहील. तिसरं, सुई झिजली की एमएमसारखी ओढून काढून नवी बसवता येत नाही, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं किंवा कारागिराकडे पाठवावं लागतं.

डीएल-११० नावाचं त्यांचंच जास्त आउटपुटचं आहे, १.६ मिलिव्होल्ट, ते बऱ्याच एमएम इनपुटवर चालतं. पण त्याचं वजन ४.८ ग्रॅम, आणि तुमच्या आर्मला ६ ते १० ग्रॅमचं कार्ट्रिज अपेक्षित आहे. वर वजनाची चकती लावावी लागेल.

---

सावंतवाडीकर

शुअर व्ही१५ बद्दल लिहितो, कारण कुणीतरी सांगायलाच हवं.

व्ही१५ मालिका १९६४ पासूनची, आणि तिची कीर्ती खरी आहे. पण शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणं थांबवलं. त्यामुळे जे 'न वापरलेलं' मिळतंय ते निदान तेवढं जुनं, आणि व्ही१५ असेल तर त्याहून बरंच जुनं. हिरा जुना होत नाही, पण दांडी ज्या रबराच्या बारीक चकतीवर तोललेली असते ते रबर होतं. न वापरताही ते कडक होतं किंवा ढिलं पडतं. किनारपट्टीच्या दमट हवेत ठेवलेलं असेल तर आणखी लवकर. कडक झालेली सुई खाचेच्या भिंती ओरबाडते, आणि ती रेकॉर्ड पुन्हा भरून येत नाही.

मूळ शुअरची चांगली बॉडी स्वस्तात मिळाली तर जपानच्या जिको कंपनीच्या नव्या सुया तिला बसतात आणि त्या उत्तम असतात. ज्याला त्या आवाजाची ओढ आहे त्याने तो मार्ग घ्यावा. पण बॉडी अधिक जिकोची वरच्या प्रतीची सुई असा हिशोब केला तर नवं कार्ट्रिज येतं. शिवाय नामांकित जुन्या सुयांच्या नकली आवृत्त्या बाजारात फार आहेत. खोक्यावरून ओळखता येत नाही, भिंगाखाली टोक बघावं लागतं.

विकणाऱ्याला दांडीचा जवळून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ केली तर विषय संपला.

---

चाळीसगावकर

दमदम यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही.

आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड कुठल्या हालअपेष्टांतून आल्यात ते लक्षात घ्या. बऱ्याचशा सूटकेस प्लेअरवर, सिरॅमिक कार्ट्रिजखाली, चार-पाच ग्रॅम दाबाने वर्षानुवर्षं वाजल्यात. लग्नात, गणपतीत वाजल्यात. जुन्या बाजारातून आणलेल्या रेकॉर्डच्या भिंती आधीच झिजलेल्या असतात. अशा खाचेत मायक्रोलाइन घातली की ती प्रत्येक जखम वाचून दाखवते. गोल सुई त्यावरून दयाळूपणे निघून जाते. माझ्या संग्रहातली भावगीतांची ईपी (छोट्या रेकॉर्ड) मला गोल सुईवरच ऐकवतात.

---

दमदम

चाळीसगावकर, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे.

जुन्या गोल सुईने भिंतीचा एक ठरावीक पट्टा झिजवलेला असतो, ती जिथे टेकायची तेवढाच. मायक्रोलाइन किंवा शिबाटा (तसंच आणखी एक धारदार) टोक भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकतं, त्यामुळे झिजलेल्या पट्ट्याच्या वरखालची कोरी भिंतही त्याला मिळते. पुष्कळदा अशी रेकॉर्ड नव्या टोकाखाली आधीपेक्षा शांत वाजते. झीज खोलवर गेली असेल, किंवा बोथट सुईने भिंत फाडलीच असेल, तर मात्र तुम्ही म्हणता तसं सगळं उघडं पडतं. कुठली रेकॉर्ड कशी निघेल हे वाजवल्याशिवाय कळत नाही.

यावर मार्ग आहे आणि त्यासाठी दोन कार्ट्रिजं घ्यायला नकोत. व्हीएम९५ च्या सगळ्या सुया एकाच बॉडीला बसतात: गोल टोकाची सी, लंबवर्तुळाकार ई, ईएन, मायक्रोलाइन एमएल, शिबाटा एसएच. एमएल घ्या, वर स्वस्तातली सी सुई घेऊन ठेवा. घायाळ रेकॉर्ड आली की सुई बदला.

ऑर्टोफॉनमध्ये रेडच्या बॉडीला ब्लूची सुई बसते, ब्राँझ आणि ब्लॅकची आपसात अदलाबदल होते. पण रेड घेऊन पुढे ब्राँझची सुई घालू असा बेत असेल तर तो करू नका, त्या बॉडी वेगळ्या आहेत.

---

मध्यसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. शुअर आणि डेनॉन यादीतून गेले. नागाओकाबद्दल कुणीच बोललं नाही. आणि दोन उपप्रश्न.

एक, घरी बालगंधर्वांच्या काही ७८ च्या तबकड्या आहेत. व्हीएम९५ मध्ये ७८ साठी एसपी सुई मिळते असं वाचलं. मग एकाच बॉडीवर तेही होईल?

दोन, माझ्या निम्म्या एलपी मोनो आहेत. त्यासाठी वेगळं मोनो कार्ट्रिज घ्यावं का?

---

रेझोनन्स

७८ चं आधी. एसपी सुई खरी आहे, ३ मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन, कारण त्या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते. दाबही पाच ग्रॅमच्या आसपास लागतो. पण मध्यसप्तक, तुमच्या एमके२ वर ७८ चा वेगच नाही, फक्त ३३ आणि ४५. त्या तबकड्यांसाठी वेगळं यंत्रच लागेल. आणि कृपा करून त्या एलपीच्या सुईने वाजवून बघू नका. ती सुई तळाशी लोळते, निव्वळ खरखर ऐकू येते आणि लाखेच्या तबकडीतले कण टोकाला घासून काढतात. धुताना अल्कोहोलही लावू नका, लाख विरघळते. एलपीला थोडं आयसोप्रोपिल चालतं, ७८ ला अजिबात नाही.

मोनोसाठी अँपवर मोनोचं बटण आहे का बघा. जुन्या इंटिग्रेटेडवर बहुधा असतं. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. उभ्या हालचालीतून येतो तो धूळ-ओरखड्यांचा आवाज. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्याचा भाग एकमेकांना रद्द करतो आणि रेकॉर्ड लक्षात येण्याइतकी शांत होते. एवढ्यावर भागतं. एचएमव्हीच्या भारतीय एलपींत क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ.

नागाओका एमपी-११० चांगलंच आहे. मऊ, भरीव मध्यसप्तक, बैठकीच्या गाण्याला शोभणारं. पण टोक लंबवर्तुळाकार. तुमची तक्रार शेवटच्या पाच मिनिटांची नसती तर मी तेच सुचवलं असतं.

---

मध्यसप्तक

ठरलं. व्हीएम९५एमएल आणि सोबत सी सुई. 'ई' पेक्षा किंमत बरीच जास्त आहे, पण कंपनी एमएलचं आयुष्य १००० तास सांगते आणि लंबवर्तुळाकारचं ३००, म्हणजे तासाच्या हिशोबाने ते महाग पडत नाही.

बसवायचं मी स्वतःच. कुणी क्रमाने सांगेल का?

---

लॅमिंग्टन_रोड

सांगतो. मायक्रोलाइन बसवताना घाई केली तर पैसे वाया जातात. टोक जितकं धारदार, तितकं ते कोनाच्या बाबतीत हट्टी. गोल सुई वाकडी बसवली तरी निभावून नेते, ही नाही नेत.

सुरुवात करण्याआधी सुई बॉडीतून ओढून बाजूला ठेवा, किंवा निदान टोपण लावलेलं असू द्या. चार तारा: पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. चिमट्याने टोकाची पितळी टोपी धरा, तार ओढू नका, चाळीस वर्षांची तार आहे ती. टोप्या काळवंडल्या असतील तर आधी साफ करा. व्हीएम९५ च्या बॉडीतच आटे आहेत, वरून स्क्रू घातला की झालं, नटाची झटापट नाही.

टेक्निक्सच्या स्वतःच्या पद्धतीत सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून ५२ मिलिमीटरवर येतं. ओव्हरहँग (सुई रेकॉर्डच्या मधल्या खुंटीच्या जेवढी पुढे जाते ते अंतर) १५ मिलिमीटर. ही भूमिती (सुईचा कोन जुळवायची पद्धत) स्टीव्हन्सनच्या जवळची आहे, म्हणजे ती रेकॉर्डच्या आतल्या टोकाला चूक कमीत कमी ठेवते. पुष्कळ जण बेअरवाल्ड ही दुसरी भूमिती वापरा म्हणून सांगतील, त्यात सबंध बाजूवरची सरासरी चूक कमी होते. दमदम यांनी वर द्रुत आणि तराण्याचं जे लिहिलंय ते वाचल्यावर मी तर म्हणेन की खयालाला कंपनीची मूळ भूमितीच जास्त शोभते. शिवाय बेअरवाल्डसाठी कार्ट्रिज हेडशेलमध्ये किंचित तिरकं करावं लागतं, ते या हेडशेलवर दिसायला आणि बसवायला दोन्ही अवघड.

दाब २ ग्रॅम. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल काटा आणा, आणि सुई रेकॉर्डच्या उंचीवर असताना मोजा. कमी दाब म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज सोडा. हलकी सुई उड्या मारते आणि त्या उड्यांनीच भिंत फुटते. १.८ पेक्षा २.० बरा.

मग उंची. आर्मच्या तळाशी कडं आहे, त्याने ० ते ६ मिलिमीटर उंची बदलते. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्मची नळी रेकॉर्डला समांतर दिसली पाहिजे. शेवटी समोरून बघा, हेडशेल एका बाजूला कललेलं नको. छोटा आरसा रेकॉर्डच्या जागी ठेवला की प्रतिबिंबात लगेच कळतं.

कपॅसिटन्स (विद्युतधारिता) राहिला. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड हवा, आणि त्यात आर्मची तार, केबल आणि अँपचा इनपुट तिन्ही आले. जुन्या अँपांत इनपुटलाच बऱ्याचदा भरपूर असतो. जास्त झाला तर वरचे स्वर टोचतात. तसं वाटलं तर आधी केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची घ्या, कार्ट्रिजला दोष देऊ नका.

---

मध्यसप्तक

बसवलं. रेकॉर्डच्या शेवटाकडची तान आता एकेक दाणा सुटा ऐकू येते, तबल्याची चाट आणि हार्मोनियम वेगवेगळ्या जागी उभे राहिलेत. तंबोरा तर आधी फक्त गुंजन होतं, आता चारही तारा मोजता येतात. किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही. दमदम, लॅमिंग्टन_रोड, तुमचे ऋण आहेत.

एकच शंका उरली. काही रेकॉर्डवर 'स' अजून थोडा फुटतो, पण फक्त उजव्या स्पीकरमधून. अँटिस्केटिंग (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी योजना) सध्या १.५ वर आहे.

---

लॅमिंग्टन_रोड

छान झालं!

रेकॉर्ड फिरताना आर्म मध्याकडे ओढला जातो, त्यामुळे सुई आतल्या भिंतीला जास्त टेकते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. आतली भिंत डावा चॅनेल, बाहेरची उजवा. फक्त उजवीकडे फुटत असेल तर अँटिस्केटिंग कमी पडतंय. २ वर न्या आणि त्याच रेकॉर्डचा तोच भाग पुन्हा ऐका.

ते करूनही ठरावीक रेकॉर्डवरच येत राहिलं, बाकी सगळीकडे दोन्ही बाजू स्वच्छ असल्या, तर त्या रेकॉर्डची बाहेरची भिंत आधीच्या कुठल्यातरी प्लेअरने झिजवली आहे. तिथे सी सुई लावून बघा.

---

चाळीसगावकर

आणि सी लावल्यावर दाब पुन्हा काट्यावर मोजून घ्या. बॉडी तीच असली तरी प्रत्येक सुईची लांबी-वजन किंचित वेगळं भरू शकतं.